लाखोंची सुरक्षा यंत्रणा बसवूनही चोर आत येतो कसा?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली चार विंगची, अडीचशे फ्लॅटची सोसायटी. दोन वर्षांपूर्वी गेटला बूम बॅरियर (गाड्या अडवणारा वर-खाली होणारा दांडा), प्रत्येक विंगच्या दाराला कार्डवर उघडणारं कुलूप, 64 कॅमेरे आणि पाहुण्यांच्या नोंदीचं ॲप असं सगळं बसवलं. तरी दिवाळीच्या सुट्टीत भरदुपारी दोन बंद फ्लॅट फुटले. फुटेजमध्ये हेल्मेट घातलेला, पाठीवर डिलिव्हरीची बॅग असलेला एक माणूस येताना आणि जाताना दिसतो, बस. सेक्रेटरी विचारतात, एवढा खर्च करून हे झालंच कसं? आता कॅमेरे वाढवायचे की एजन्सी बदलायची? शिवाय जानेवारीत बाहेरून रंगकाम सुरू होतंय, त्याचीही त्यांना धास्ती आहे.

उत्तराआधी एक तातडीचं. त्या दिवसाचं फुटेज अजून रेकॉर्डरमध्येच असेल तर आजच बाहेर काढा. बहुतेक सोसायट्यांत पंधरा-वीस दिवसांत जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. काढताना रेकॉर्डरचं घड्याळ आणि खरी वेळ यांत किती फरक आहे ते लिहून ठेवा, आणि पोलिसांना देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत जोडा. ते नसेल तर पुढे कोर्टात फुटेजच्या ग्राह्यतेवरच वाद होतो.

आता मूळ प्रश्न. ज्याने यंत्रणा विकली तो सांगेल की यंत्रणेत काही दोष नव्हता. कॅमेऱ्याने माणूस टिपला, ॲपमध्ये नोंद झाली, दारावरचं कुलूप चालू होतं. त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि गोम तिथेच आहे. तुम्ही विकत घेतलेल्या वस्तूंपैकी जवळजवळ एकही वस्तू स्वतः कुणाला अडवत नाही. कॅमेरा दाखवतो, ॲप विचारतं, अलार्म ओरडतो. पुढचं काम प्रत्येक जण एका माणसावर सोपवून मोकळा होतो. तो माणूस म्हणजे गेटवरचा रखवालदार. त्याला आपण ना वेळ दिलेला असतो, ना अधिकार, ना पाठबळ. मी आजवर ज्या इमारतींची पाहणी केली, त्यांतल्या बहुतेक चोऱ्यांचं मूळ शोधत गेलं की इथेच येऊन थांबतं.

आमच्या कामात तीन वेगवेगळ्या वेळा मोजाव्या लागतात. कुणीतरी शिरलंय हे कळायला किती वेळ लागतो, शिरलेल्याला काम उरकायला किती लागतो, आणि कळल्यावर धावून यायला किती लागतो. पहिली आणि तिसरी मिळून दुसरीपेक्षा कमी भरली तर चोर सापडतो, नाहीतर निसटतो. तुमच्याकडे कडी-कोयंडा कटावणीने उचकटायला मिनिट-दोन मिनिटं लागली असतील, आत कपाट फोडायला फार तर वीस. कळलं कधी? घरची मंडळी गावाहून परतली तेव्हा. म्हणजे 64 कॅमेरे असूनही चोरी कळायला काही दिवस लागले. न पाहिलेला कॅमेरा चोरी पकडत नाही, चोरीनंतर साक्ष देतो. साक्षही महत्त्वाची आहे, पण तुम्ही पैसे चोरी थांबवण्यासाठी मोजले होते.

साक्ष तरी नीट मिळाली का, हेही तपासू. कॅमेऱ्यांच्या मानकांत अनोळखी माणसाची ओळख पटेल इतका चेहरा दिसायला दृश्याच्या दर मीटर रुंदीला 250 पिक्सेल असावेत असं धरतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे आडवे पिक्सेल 1920. म्हणजे असा एक कॅमेरा जेमतेम साडेसात मीटर रुंदीपर्यंतच चेहरा नीट दाखवू शकतो. गेटचा कॅमेरा 'सगळं दिसलं पाहिजे' म्हणून वीस मीटरवर फाकवला असेल तर दर मीटरला 96 पिक्सेल उरतात. त्यात माणूस दिसतो, पण कोण ते कळत नाही, आणि हेल्मेट असेल तर विषयच संपला. तिथे आणखी दहा कॅमेरे लावूनही फरक पडणार नाही. विंगच्या दाराशी, डोक्याच्या उंचीवर, फक्त दाराएवढं दृश्य घेणारा एक कॅमेरा आणि 'हेल्मेट काढल्याशिवाय लिफ्टकडे सोडायचं नाही' हा नियम, एवढं पुरतं.

पण नियम पाळून घेणार कोण? त्या रखवालदाराची दुपार जवळून पाहा. बारा तासांची पाळी. एक ते तीनच्या दरम्यान जेवणाचे डबे, किराणा, कुरिअर, सगळं एकदम येतं. गेटवर पाच-सहा दुचाक्या, मागे पाण्याचा टँकर हॉर्न देतोय, इंटरकॉमवर सी विंगच्या काकू विचारतायत की प्लंबर आला का. हातात सोसायटीचा मोबाइल, त्यावर एकेकाची नोंद करायची. फ्लॅटवाला मंजुरी देत नाही, फोन उचलत नाही, डिलिव्हरीवाला घाई करतो. अशा वेळी तो 'मंजूर' दाबतो किंवा हाताने 'जा' म्हणतो. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तरी हेच केलं असतं. ॲपचा अहवाल काढा आणि दुपारच्या त्या दोन तासांतल्या किती नोंदींना खरोखर रहिवाशाने मंजुरी दिली आणि किती गेटवरूनच पुढे सरकवल्या, ते पाहा. बहुतेक ॲपमध्ये हे वेगळं दिसतं. ज्या घरांनी 'सगळ्या डिलिव्हरींना कायम परवानगी' असं करून ठेवलंय तीही मोजा. अशा एखाद्या फ्लॅटचा नंबर ठाऊक असला की कुणीही आत येऊ शकतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. रखवालदाराने नियम पाळला तर त्याला शिक्षा होते. रविवारी संध्याकाळी एक गाडी येते, स्टिकर नाही. तो काच खाली करायला सांगतो, फ्लॅट नंबर विचारतो. "नवीन आहेस का? मला ओळखत नाहीस?" दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज: सिक्युरिटीची वागणूक उद्धट आहे. आठवड्यात एजन्सी त्याची बदली करते. त्याच्या जागी येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सहकारी शिकवतात की गाडी चांगली दिसली, माणूस आत्मविश्वासाने आला, की दांडा वर करायचा. हे शिक्षण त्याला तुमच्या सोसायटीने दिलं. चोराला एवढंच हवं असतं. त्याला तुमच्या चेहरा ओळखणाऱ्या यंत्राशी झुंजायचं नसतं. ज्याला थांबवायला कुणी धजावणार नाही असं दिसणं त्याला पुरतं: डिलिव्हरीची बॅग, इंटरनेटची फायबर केबल टाकणाऱ्याची शिडी, नाहीतर गळ्यात ओळखपत्र आणि कानाला फोन. हे दुखणं जगभर आहे. 18 मार्च 1990 च्या पहाटे अमेरिकेत बोस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात दोघे पोलिसांच्या वेशात आले. पहारेकऱ्याने दार उघडलं. पोलिसांना बोलावण्याचं बटण त्याच्या टेबलापाशी होतं आणि त्याला टेबलापासून दूर बोलावून घेण्यात आलं. 13 कलाकृती गेल्या. त्या आजही सापडलेल्या नाहीत.

म्हणून एजन्सी बदलण्याआधी सर्वसाधारण सभेत एक ठराव करून घ्या: गेटवरचा माणूस अध्यक्षांसकट कुणालाही थांबवू शकतो, आणि थांबवल्याबद्दल त्याची तक्रार घेतली जाणार नाही. ठराव मराठीत आणि हिंदीत छापून केबिनच्या काचेला लावा, बाहेरच्या बाजूने. अध्यक्षांनी स्वतः पहिल्याच आठवड्यात गेटवर थांबून, नाव सांगून, शांतपणे आत जाऊन दाखवावं. याला पैसा लागत नाही, म्हणूनच कुणी विक्रेता हे सुचवत नाही. एजन्सीकडून मात्र 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना आणि तुमच्याकडे पाठवलेल्या प्रत्येकाच्या प्रशिक्षणाचा कागद मागा. केंद्राच्या आदर्श नियमांत नव्या रक्षकाला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सांगितलेलं आहे. कागद नसेल तर तुम्ही गणवेशाचे पैसे देताय.

आता विंगचं दार. हे मी नेहमी स्वतः हाताळून पाहतो, कारण कागदावर त्याच्याइतकं भक्कम काहीच नसतं. वरच्या चौकटीला विद्युतचुंबक, 600 पौंडी, म्हणजे सुमारे 270 किलोची पकड. दाराला लोखंडी पट्टी. दोन्ही घट्ट चिकटले तर धडधाकट माणसाने खेचूनही दार उघडत नाही. पण ही पकड दोन सपाट पृष्ठभाग पूर्ण टेकले तरच. मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी पकड झपाट्याने घटते. ती पट्टी रबरी वॉशरवर जराशी हलती ठेवायची असते, म्हणजे दार थोडं वाकडं मिटलं तरी ती चुंबकाशी जुळून बसते. बसवणारा पोरगा 'ढिली राहिली' म्हणून नट पार आवळून टाकतो. दोन पावसाळ्यांनंतर बिजागऱ्या उतरतात, दार खाली घासतं, दार आपोआप मिटवणाऱ्या डोअर क्लोजरमधलं तेल गळून दारावर काळा ओघळ येतो, आणि दार बोटभर उघडंच राहतं. कार्ड रीडरवर लाल दिवा मात्र व्यवस्थित जळत असतो. दार खरंच मिटलंय का, हे सांगणारा दाराचा सेन्सर दोन-चारशे रुपयांचा असतो आणि कोटेशनमधून सगळ्यात आधी तोच उडतो.

आज संध्याकाळी प्रत्येक विंगचं दार चार बोटं उघडं धरून सोडून द्या. ते आपोआप मिटून 'खट्' आवाज आला तर ठीक. नाहीतर क्लोजर बदला. मग बाहेर उभं राहून शेजारच्या ग्रिलमधून हात आत घालून पाहा, आतलं 'एक्झिट' बटण बोटाला लागतं का. तुम्हाला आश्चर्य वाटेल इतक्या इमारतींत लागतं. बटण वायरमनच्या सोयीने दाराच्या अगदी जवळ बसवलेलं असतं आणि ग्रिल बिल्डरने आधीच लावलेली असते. वीज गेल्यावर हे चुंबक सुटतं. ते तसंच हवं, कारण आगीत माणसं आत अडकता कामा नयेत. वीज गेली तरी दार काही वेळ धरून राहावं म्हणून बॅटरी असते, पण ती दोन-तीन वर्षांत मरते. मुख्य स्विच बंद करून दार किती वेळ धरतं ते मोजा. पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या अंगणात, उघडणाऱ्या जिन्याच्या दाराला मात्र रागाच्या भरात कुलूप ठोकू नका. आतून दाबताच उघडणारी आडवी दांडी आणि उघडताच वाजणारा भोंगा, हाच तिथला उपाय.

कार्डांचं एका वाक्यात: सॉफ्टवेअरमधून चालू कार्डांची यादी काढा आणि सोडून गेलेले भाडेकरू, जुने ड्रायव्हर, आधीच्या एजन्सीचे लोक त्यातून काढून टाका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार आहात म्हणून अलार्मबद्दल सांगतो. कमिटीत कुणीतरी कुंपणावर सेन्सर लावायचं सुचवेलच. मांजर, वारा, फांदी यांनी रोज रात्री वाजणारा अलार्म नसलेल्या अलार्मपेक्षा घातक असतो, कारण तो लोकांना दुर्लक्ष करायला शिकवतो. 9 जुलै 1982 ला लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात मायकल फेगन नावाचा माणूस भिंत चढून, पावसाच्या पाण्याच्या नळावरून आत शिरला आणि थेट राणी एलिझाबेथ यांच्या शयनकक्षात पोहोचला. सेन्सरने त्याला पकडलं होतं. पोलिसांनी बिघाड समजून आवाज बंद केला.

त्याच शहरात 2015 च्या ईस्टरच्या सुट्टीत हॅटन गार्डनमधली सेफ डिपॉझिट तिजोरी फुटली. ही घटना मी प्रत्येक कमिटीला सांगतो. चोर बहुतेक साठी-सत्तरीचे. लिफ्टच्या खड्ड्यातून तळघरात उतरले, यंत्राने अर्धा मीटर जाड काँक्रीटला भोकं पाडू लागले. गुरुवारी मध्यरात्र उलटताच अलार्म वाजला. देखरेख कंपनीने पोलिसांना कळवलं. पोलिसांकडे त्या कॉलला 'कुणी जायची गरज नाही' असा दर्जा मिळाला. एक सुरक्षा रक्षक आला, बाहेरून पाहिलं, दारं शाबूत दिसली, परत गेला. चोर आतच होते. पुढे तर हद्द झाली: भिंतीला भोक पडलं, पण पलीकडचं लोखंडी कपाट हलेना, म्हणून ते निघून गेले आणि नवं अवजार घेऊन एक दिवसाआड परत आले. मग 73 पेट्या फोडल्या. अलार्म, काँक्रीट, तिजोरी, सगळं आपापल्या जागी चोख होतं. आत जाऊन पाहण्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नव्हती. लंडनच्या पोलिसांनी नंतर मान्य केलं की ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नव्हती.

म्हणून अलार्म घ्यायचाच असेल तर आधी कागदावर नाव लिहा: तो वाजला की कोण जाणार, किती मिनिटांत, सोबत कोण, आत जायची चावी कुणाकडे. नाव लिहिता येत नसेल तर पैसे खर्च करू नका. बंद फ्लॅटसाठी मी साधी गोष्ट सुचवतो. दाराला बॅटरीवरचा चुंबकी सेन्सर आणि जोरदार भोंगा, आणि त्याची सूचना शेजाऱ्याच्या आणि गेटच्या फोनवर. यामुळे कळायला लागणारे काही दिवस अर्ध्या मिनिटावर येतात. दाराला बाहेरून कुलूप लटकवणं बंद करा, ते घरात कुणी नसल्याची पाटीच आहे. दाराच्या जाडीत बसणारं, दोन-तीन बोल्ट चौकटीत खोल जाणारं कुलूप लावा, आणि चौकटीवरची पट्टी अर्ध्या इंचाच्या स्क्रूंऐवजी भिंतीपर्यंत पोहोचणाऱ्या तीन इंची स्क्रूंनी आवळा. कटावणीला दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटं लागली आणि भोंगा वाजत राहिला, तर भरदुपारी कुणीही चोर थांबत नाही.

चोर नेहमी दारानेच येईल असंही धरू नका. नोव्हेंबर 2017 मध्ये नवी मुंबईत जुईनगरला बँक ऑफ बडोदाच्या लॉकरच्या खोलीत चोर खालून आले. काही महिने आधी शेजारचा गाळा भाड्याने घेऊन किराण्याचं दुकान मांडलं, तिथून भुयार खणलं, आणि दुसरा शनिवार व रविवार बँक बंद असताना 30 लॉकर फोडले. सोमवारी बँक उघडली तेव्हा कळलं. लॉकरच्या खोलीचा दरवाजा भक्कमच होता. दोन वर्षांमागे बसवलेली तुमची यंत्रणाही गेट आणि विंगचं दार यांच्याकडेच तोंड करून उभी आहे. प्लंबिंगची डक्ट म्हणजे पाइप नेणारी उभी पोकळी, तिच्याकडे उघडणारी बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी, गच्चीचं दार, शेजारच्या इमारतीची लागून असलेली भिंत, यांच्याकडे पाहायला कुणी नाही. कमिटीतल्या दोघांनी एका रविवारी इमारतीला बाहेरून चक्कर मारावी आणि 'किल्ली हरवली तर मी कुठून आत जाईन' एवढाच विचार करत चालावं. तासाभरात तुमच्या हाती अशी यादी येते, जी कुठल्याही महागड्या अहवालात सापडत नाही.

महिन्यातून एकदा चाचणीही घ्या. कमिटीचं लेखी पत्र खिशात ठेवून रखवालदार ओळखत नाही अशा तुमच्या एखाद्या परिचिताला बॅग देऊन पाठवा आणि तो कुठवर पोहोचतो ते पाहा. ज्या रखवालदाराने अडवलं त्याला त्याच दिवशी पाचशे रुपये रोख द्या, सगळ्यांसमोर. ज्याने सोडलं त्याला दंड करू नका. त्या वेळी गेटवर काय चाललं होतं ते विचारा. बहुतेकदा उत्तर 'एकटा होतो' असंच येतं. दुपारच्या दोन तासांना दुसरा माणूस आणि गेटशेजारी पार्सलसाठी मांडणी, हा नव्या कॅमेऱ्यांहून खूप स्वस्त सौदा आहे.

राहिलं रंगकाम. परांची उभी राहिली की सगळ्या मजल्यांच्या खिडक्यांना बाहेरून जिना मिळतो, आणि तुमची 64 कॅमेऱ्यांची यंत्रणा त्याकडे पाठ करून असते. पॅरिसला लूव्र संग्रहालयात 19 ऑक्टोबर 2025 च्या सकाळी चौघांपैकी दोघे पिवळी जॅकेटं घालून, सामान चढवायच्या ट्रकवरच्या शिडीने गॅलरीच्या खिडकीशी गेले आणि सुमारे सात मिनिटांत चौघेही राजघराण्याचे दागिने घेऊन निसटले. त्या बाजूच्या भिंतीवरचा एकमेव कॅमेरा दुसरीकडे वळलेला होता, हे संचालिकेने फ्रान्सच्या सिनेटपुढे सांगितलं. कामाचे कपडे आणि शिडी पाहून कुणाला संशय आला नाही. तुमच्याकडे तर तीन महिने शिडी आणि कामाचे कपडे रोजच दिसणार आहेत. तेव्हा कंत्राटदाराच्या करारातच लिहून घ्या: कामगारांची फोटोसह यादी रोज सकाळी गेटवर, एका वेळी एकाच विंगला परांची, संध्याकाळी सहाला खालच्या टप्प्याच्या फळ्या आणि शिडी काढून कुलुपात, आणि त्या विंगच्या बाजूला रात्री एक जादा माणूस, ज्याचा पगार कंत्राटाच्या रकमेत धरलेला असेल. ज्या विंगचं काम सुरू होणार तिथल्या घरांना आठवडाभर आधी सांगा की खिडक्यांच्या कड्या तपासून घ्या आणि बाहेरगावी जात असाल तर गेटवर नव्हे, शेजाऱ्याकडे कळवा.